हुकाखालची जागा

चौथ्या दिवशी तिने भट्टी लावली! चौथ्या दिवशी... आणि तेही कुणाला एका शब्दाने न विचारता!

घरात अजून माणसं येत होती, गुडघ्यांना मिठी मारून बसत होती, उसासे टाकून जात होती. माईंचा एकुलता एक लेक जाऊन पुरते चार दिवससुद्धा झाले नव्हते. भिंतीवर घाईघाईने लावलेला त्याचा फोटो तिरका लटकत होता आणि तो सरळ करण्याइतकं बळ घरातल्या एकाही हातात उरलं नव्हतं... आणि अशात मागच्या दाराच्या पलीकडून, शेडमधून, भट्टीच्या पंख्याची ती घुर्र ऐकू आली. तीस वर्षं त्या आवाजाने माईंचा दिवस सुरू झाला होता. त्या आवाजावर त्यांनी लेक वाढवला, नवऱ्याच्या माघारी घर उभं केलं. पण आज तोच आवाज त्यांच्या काळजातून करवतीसारखा फिरला.

"माई, शेड चालू झाली वाटतं?" समोर बसलेल्या शेजारणीने अगदी हळुवारपणे विचारलं. इतक्या हळुवारपणे की त्या 'वाटतं'ची धार बरोबर लागावी!

"कान शाबूत आहेत माझे," माई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उठल्या.

शेड म्हणजे घराच्या पाठीला चिकटलेला लांबच लांब पत्रा. एका बाजूला टाक्यांची रांग: पहिल्या टाकीत लोखंडाचं तेल निघायचं, मग पाणी, मग आम्लात गंज जायचा, पुन्हा पाणी. मधे पावडर उडवायची खोली, आणि टोकाला ती भट्टी, म्हणजे पत्र्याची एक खोलीच, जिच्यात अख्खी खाट उभी टांगता येईल एवढी. तिच्या दाराशी सून उभी होती. मास्क तोंडावर, हातात वायरच्या थर्मामीटरची डबी, आणि नजर त्या डबीवरच्या काट्यावर खिळलेली.

"बंद कर ते."

सून वळली. मास्क तिने गळ्यात ओढला. डोळे कोरडे... खडखडीत कोरडे! चार दिवसांत या बाईच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं, आणि ते माईंनी नीट मोजून ठेवलं होतं.

"खाटा आहेत आत, आई. अर्धा तास फक्त. मग बंद करते."

"माझा लेक गेलाय, बाई! त्याच्या उशीला अजून त्याच्या डोक्याचा वास आहे. आणि तुला खाटांचं पडलंय?"

"लहान मुलांच्या दवाखान्याच्या खाटा आहेत त्या. द्यायच्यात."

"द्यायच्यात! अगं, गेलेल्या माणसालाही काही द्यायचं असतं की नाही? का त्याच्यासाठी रडायची मिनिटंसुद्धा तू त्या डबीवर मोजून ठेवलीस... आणि ती संपली?"

सुनेचे ओठ हलले. पण तिने पुन्हा काट्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही घरात बसा. इथं फार गरम होतंय."

बस. एवढंच!

टाक्यांपाशी तात्या उभे होते. पहिल्या टाकीत पहिला पत्रा बुडवला तेव्हापासून ते माईंच्या शेडवर होते. माईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तात्या, तुम्हाला तरी कळायला हवं होतं." तात्यांनी तोंड उघडलं, सुनेने नुसती नजर वर केली, तात्यांनी तोंड मिटलं आणि टाकीत नसलेला कचरा ते काढू लागले.

ते माईंनी बघितलं. पण त्याचा अर्थ लावायला त्यांना सात महिने लागायचे होते...

ही सून माईंना पहिल्या दिवसापासून खुपत होती, हे खोटं कशाला बोला!

माईंची शाळा चौथीत सुटली. नवरा दारं-खिडक्या रंगवणारा, ब्रशवाला. तो अचानक गेला तेव्हा कडेवर लेक आणि घरात रंगाचे वाळके डबे, एवढीच इस्टेट. पण माई हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका कारखान्यात झाडू मारता मारता त्यांनी ही पावडरीची विद्या डोळ्यांनी उचलली. या रंगात ना तेल, ना पाणी. पिठासारखी कोरडी पावडर. पावडर उडवायची बंदूक तिला विजेचा भार देते, म्हणून ती लोखंडाला जाऊन चिकटते. पण ते चिकटणं वरवरचं, कुणी फुंकर मारली तरी उडून जाईल असं. तिला आच लागली पाहिजे. आच लागली की ती वितळते, पसरते, लोखंडाला मिठी मारते, आणि मग ती मिठी कानशीनेसुद्धा सहज सुटत नाही. माई म्हणायच्या, "संसारासारखंच आहे, फक्त भट्टीचा वास बरा येतो."

त्यांचं सगळं शास्त्र एका गजराच्या घड्याळात होतं. दोन घंट्यांचं घड्याळ, एक पाय मोडलेला, त्याखाली नट ठेवलेला. भट्टीचं दार लागलं की चावी द्यायची. वीस मिनिटांनी घंटा झाली की दार उघडायचं. पत्र्याच्या पेट्या, कपाटाचे कप्पे, खिडक्यांचे गज... तीस वर्षांत एक नग परत आला नव्हता. एकही नाही!

लेक मोठा झाला आणि त्याने ती वायर आणली. वायरचं टोक नगालाच बांधायचं, डबी बाहेर ठेवायची.

"आई, भट्टीतली हवा तापली म्हणजे लोखंड तापलं असं नाही गं. पातळ पत्रा पटकन तापतो, जाड तुकड्याला वेळ लागतो. तो स्वतः तापला की तिथून दहा मिनिटं मोजायची. दार लावल्यापासून नाही."

"तू पाळण्यात होतास तेव्हा तुझा पाळणा या भट्टीच्या दाराला बांधलेला असायचा. मला शिकवतोस?"

तो हसायचा. वाद कधी घातला नाही त्याने. आई शेडमध्ये आली की वायर गुंडाळून खिशात घालायचा, आई गेली की पुन्हा काढायचा. असं ते लेकरू... कुणाचं मन मोडायचं म्हणजे त्याच्याच जिवावर यायचं.

लाकडाचं वेडही त्याचंच. दाबलेल्या लाकडाच्या फळ्यांना पावडर चढवायची! माई म्हणाल्या, "लाकडाला वीज धरत नाही, तुला काय धरलंय?" तेव्हा त्याने एक फळी भट्टीत नुसती ऊबेला ठेवून दाखवली. "लाकडाच्या पोटात पाणी असतं, आई. आधी नुसती ऊब द्यायची. पोटातली ओल हळूहळू वर येते, मग त्यावर पावडर बसते. पुढची आचसुद्धा मंद. लोखंडासारखी एकदम आच दिली तर कडेने चिरतं ते." त्याच्या पिवळ्या फळ्या बघायला दुसऱ्या शेडवाले यायचे. लहान मुलांच्या खाटांना उशाशी लावायच्या त्या फळ्या... कडा अशा गोल, की गाल घासला तरी खरचटू नये.

आणि सून! ती एका मोठ्या कारखान्यात रंग तपासायचं काम करायची. तिथेच लेकाची तिची गाठ पडली. लग्न होऊन आठवडा झाला नसेल, ही नवी नवरी शेडमध्ये आली, थिनरमध्ये कापूस बुडवला आणि माईंनी आदल्या दिवशी काढलेल्या कपाटाच्या कप्प्यावर घासू लागली!

"काय करतेस हे?"

"बघते, आई. पन्नास वेळा घासायचं. कापसावर रंग उतरला तर तो आतून शिजलेला नसतो."

कापूस पांढराशुभ्र राहिला. सुनेने तो मोठ्या कौतुकाने दाखवलासुद्धा. पण माईंना पांढरा कापूस दिसलाच नाही. त्यांना फक्त आपल्या कामावर घासणारा तो परका हात दिसला. "माझ्या कामाला फडकं लावणारी तू पहिली," त्या म्हणाल्या. त्यानंतर माईंचा खांदा दुखावला, बंदूक पेलेना, भट्टी लेक-सुनेच्या हातात गेली. माई दाराशी स्टुलावर बसू लागल्या, आणि खांद्यात उरलं नव्हतं ते सगळं बळ जिभेत आलं.

एका गोष्टीवरून तर रोज ठिणगी पडायची. नग टांगला की हुक जिथे धरतो तिथे पावडर पोचत नाही. डाळीएवढी जागा उघडी राहते. लेक आणि सून खाटेचा हुक पायाच्या तळाला घालायचे. नंतर तिथे रबरी बूट बसतो, कुणाला दिसत नाही. माईंना ते पटायचं नाही. त्या हुक घालायच्या पायाच्या वरच्या टोकाला, आतल्या बोल्टच्या भोकात, आणि भट्टीतून निघाल्यावर ती जागा ब्रशने एक थेंब रंग लावून भरायच्या. "लपवायचं कशाला? जिथे कमी आहे तिथे भरून द्यायचं," असं त्यांचं म्हणणं. सगळ्या शेडमध्ये त्या एकट्याच खाटा तशा टांगायच्या.

मग तो काळा पंधरवडा आला. साठ खाटांचं काम हातात असताना लेकाच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं. चाळीस खाटा झालेल्या होत्या, वीस टाकीतून धुऊन निघालेल्या. धुतलेलं लोखंड उघडं ठेवता येत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर गंजाचा तांबूस फुफाटा येतो. सून दवाखान्यात, नवऱ्याच्या उशाशी. मंगळवारी सकाळी माईंनी पदर खोचला, दुखऱ्या खांद्याला फडकं बांधलं आणि सहा वर्षांनी बंदूक हातात घेतली.

"तात्या, चावी द्या घड्याळाला!"

काय तो दिवस होता! लेक तिकडे मरणाशी झुंजतोय आणि इकडे आई त्याचं अडलेलं काम ओढतेय... प्रत्येक खाटेवर पिवळी पावडर बसताना त्या पुटपुटत होत्या, "बरा हो रे बाळा, बरा हो." वीसच्या वीस खाटा त्यांनी काढल्या. संध्याकाळी दवाखान्यात जाऊन लेकाच्या कपाळावरून हात फिरवून सांगितलं, "झाल्या बघ तुझ्या खाटा. मी केल्या." तो हसला. डोळे भरून आईकडे बघितलं त्याने. माईंना वाटलं, अभिमानाने बघतोय...

शुक्रवारी तो गेला.

शनिवारी, ज्याने हे काम दिलं होतं त्या खाटवाल्याची माणसं गाडी घेऊन आली. घरात कुणाला शुद्ध होती! शेडच्या दाराशी लावलेल्या तीस खाटा त्यांनी मोजल्या, चढवल्या आणि नेल्या. आणि चौथ्या दिवशी, सोमवारी, सुनेने ती भट्टी लावली.

तीन आठवड्यांनी खाटवाला स्वतः आला, आठ खाटा परत घेऊन. भला माणूस; चहा नको म्हणाला, टेकला नाही.

"माई, अशा वेळी बोलायला जीभ रेटत नाही. पण लेकरांच्या खाटा आहेत. रांगती मुलं खाटेच्या पायांना धरतात, ती बोटं तोंडात घालतात. परवा एका बाळाच्या मुठीत नर्सला रंगाच्या पापड्या सापडल्या. पायांचा रंग नखाने निघतोय."

त्याने नख लावून दाखवलं. पिवळी पापडी सुटून माईंच्या पायाशी पडली.

 तीस वर्षं! तीस वर्षांत पहिल्यांदा नग परत आला होता... आणि तो कोणता? लेकाच्या शेवटच्या कामातला!

"कुणाचं काम हे?" त्या ओरडल्या. "कुणाच्या हातच्या या खाटा?"

टाकीपाशी तात्यांच्या हातातली बादली खाली आपटली. पण त्यांच्याआधी सून पुढे झाली. ओले हात पदराला पुसत, अगदी सावकाश, जणू पाहुण्यांना पाणी द्यायला आल्यासारखी.

"माझ्या. माझ्या हातून झालं, आई. माझं लक्ष नव्हतं त्या दिवसांत."

"लक्ष नव्हतं! इतरांच्या कामावर कापूस घासताना बरं लक्ष होतं! अगं, त्याचं शेवटचं काम होतं ते... जन्मभर त्याने एक डाग लागू दिला नाही आणि त्याने डोळे मिटायची वाट बघत होतीस काय तू? चौथ्या दिवशी भट्टी लावायची हौस होती ना? झाली हौस? आजपासून या भट्टीच्या दाराला तुझा हात लागता कामा नये. पाय टाकायचा नाही शेडमध्ये!"

सुनेने एकदाच माईंकडे बघितलं. मग गळ्यातला मास्क काढून खिळ्याला अडकवला, वायरची डबी तात्यांच्या हातात दिली आणि मागच्या दाराने घरात गेली. 

'लोखंड आहे नुसतं, लोखंड!' माई मनात म्हणाल्या.

त्यानंतरचे महिने घराने कसे काढले ते घरालाच ठाऊक. सून स्वयंपाक करायची, कपडे धुवायची, संध्याकाळी गरम पाण्याची पिशवी घेऊन माईंचा खांदा शेकायची. माई खांदा पुढे करायच्या आणि तोंड फिरवायच्या. बोलायचं झालं तर भिंतीशी. "काही लोकांच्या हाताला आमटीचं मीठसुद्धा कळत नाही, रंग काय कळणार!" भिंत गप्प राहायची; सूनही. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ अगदी बेताचं असायचं, आणि माईंना तेवढ्याचाही राग यायचा.

खाटवाल्याने उरलेल्या खाटा नेल्या, पण नवीन काम दिलं नाही. शेडवर आता पत्र्याच्या पेट्या यायच्या, कप्पे यायचे. घड्याळाला चावी दिली की भागायचं. फक्त लेकाच्या फळ्या तशाच पडून होत्या, कोऱ्या. एक दिवस माईंनी हट्टाने त्यांतली एक घेतली, पावडर मारली आणि सरळ भट्टीत घातली. घंटा झाली. दार उघडलं तर फळीची कड लांबलचक चिरली होती आणि चिरेतून रंगाचे फोड आले होते. माई ती गरम फळी मांडीवर घेऊन बसून राहिल्या... 'आधी नुसती ऊब द्यायची, आई.' अगदी कानाशी बोलल्यासारखा त्याचा आवाज आला. तात्या पाणी घेऊन आले तेव्हा माईंच्या मांडीला चटका बसून गेला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

त्याच आठवड्यात सुनेने ताट वाढता वाढता सांगितलं, "आई, जुन्या कारखान्यातून बोलावणं आलंय. पहिल्या तारखेला जाईन म्हणते. तात्यांच्या घरून दोन्ही वेळचं जेवण येईल. खांदा शेकायलाही त्यांची बायको येईल, मी दाखवून ठेवलंय."

"जा की. मी काय दाराला कडी लावून बसलेय?"

बोलून गेल्या. पण हातातला घास त्यांनी ताटात परत ठेवला. या घरात लेकाचं नाव घेणारं आता कोण उरणार होतं? ती बोलत नसेना का... पण त्याचा शर्ट अजून तीच घडी घालून ठेवत होती. मग पुन्हा पापडी सुटलेली ती खाट आठवली आणि माईंनी मन आवळून धरलं.

पहिल्या तारखेची सकाळ. बाहेर ओट्यावर सुनेची एक बॅग आणि एक पिशवी आली. तिला जाताना बघायला लागू नये म्हणून माई शेडमध्ये शिरल्या. काहीतरी हाताला काम हवं होतं. पार टोकाला, ताडपत्रीखाली, त्या आठ खाटा इतके महिने तशाच पडल्या होत्या. कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं. 'आज खरवडून टाकते तिचा रंग,' म्हणून माईंनी ताडपत्री ओढली.

खाट आडवी केली. पायाला नख लावलं, पापडी सुटली. वरच्या पातळ नळीला लावलं... सुटेना. पुन्हा लावलं. नळीचा रंग घट्ट, जसा हवा तसा; फक्त भरीव जाड पायांचा कच्चा. माईंचा हात थबकला. लक्ष नसलेल्या माणसाचं काम सगळीकडे सारखं कच्चं असतं. हे तसं नव्हतं. 'जाड तुकड्याला वेळ लागतो...'

त्यांनी पायाचा रबरी बूट उपसला. तळ बघितला. तिथे हुकाची उघडी जागा असायला हवी होती. तळ सगळा रंगलेला होता. हुक तिथे घातलाच नव्हता!

आता बघायचं नव्हतं त्यांना. बघितलं नाहीच त्यांनी. हातच आपण होऊन वर गेला, आतल्या बोल्टच्या भोकाकडे. बोटाला तो लागला. ब्रशचा एक थेंब. जरा जास्तच जाड, कारण माई ब्रश कधी निथळत नसत...

दुसरी खाट. तिसरी. आठही!

शेडमधले सगळे आवाज कुठेतरी लांब गेले. तीस वर्षं ज्या बाईने प्रत्येकाला 'नग उलटा करून बघा' म्हणून शिव्या घातल्या होत्या, त्या बाईने हा एक नग उलटा करून बघितला नव्हता.

"तात्या!"

तात्या आले. त्यांनी ताडपत्री बघितली, माईंचं बोट बघितलं, आणि तिथेच खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं."

"माई, सूनबाईंनी गळ घातली होती हो..."

"बोला!"

"दादा जायच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात होतो. दादांनी सूनबाईंना विचारलं, आईने भट्टी घड्याळावर लावली असेल ना? त्या हो म्हणाल्या. दादा म्हणाले, पाय भरीव आहेत गं, वीस मिनिटांत आतून शिजायचे नाहीत. त्या खाटा पुन्हा भट्टीत घाल. पण आईला कळू देऊ नकोस. मी असा पडलोय, आणि तिच्या हातचं काम चुकलं असं तिला आजच कळायला नको. ती भट्टी म्हणजे तिचा श्वास आहे... एवढंच बोलले. मग फार काही बोलले नाहीत ते."

माईंनी खाटेच्या दांड्याला धरलं.

"चौथ्या दिवशी तुमच्या बारा खाटा राहिल्या होत्या, माई. त्यांची भट्टी लावली होती सूनबाईंनी. वायर पायाला बांधून. आठ आधीच गाडीत गेलेल्या; त्या परत मागवल्या असत्या तर तुम्हाला कळलं असतं. तुम्ही ओरडून गेलात, आणि मग त्या भट्टीआड बसून जे काही रडल्या... मी म्हटलं, सांगू का माईंना? तर म्हणाल्या, तात्या, पंखा चालू राहू द्या, आवाज घरात जाईल."

पंखा चालू राहू द्या...! आणि घरात बसून माईंनी तोच पंखा शिव्या देत ऐकला होता. तिच्या आसवांचा हिशेब ठेवला होता. लोखंड म्हणाल्या होत्या तिला... आणि पोटात पाणी असलेल्या त्या जिवाला सात महिने नुसती आच दिली होती, एक दिवस ऊब दिली नव्हती.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

माई मागच्या दाराने घरात, घरातून ओट्यावर कशा पोचल्या ते त्यांनाही कळलं नाही. सून बॅग उचलायला वाकली होती. गाडीवाला दार उघडून उभा. दोन शेजारणी आपल्या दारात, डोळ्यांना मेजवानी लावून. माईंनी तात्यांना हाक मारली, "खाटवाल्याला फोन लावा. इथं, सगळ्यांसमोर."

"आई, काय झालं?" सून सरळ झाली.

माईंनी फोन कानाला लावला.  "साहेब, माई बोलतेय. त्या आठ खाटा सुनेच्या हातच्या नव्हत्या. माझ्या होत्या. मी टांगल्या, मी रंगवल्या, मीच कच्च्या काढल्या. सून खोटं बोलली तुमच्याशी. हो... मुलांच्या तोंडात माझाच रंग गेला. तुमचे पाय धरायला मी स्वतः येते."

फोन तात्यांच्या हातात देताना त्यांनी शेजारणींकडे एक कटाक्ष टाकला. "नीट ऐकू आलं ना? का जवळ येऊन सांगू?" दोन दारं लागली.

सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. "कशाला, आई... कशाला बोललात? त्यांना मी शब्द दिला होता. त्यांनी एकच मागितलं होतं माझ्याकडे... शेवटचं... तेवढंही मला..." आणि पुढचं बोलणं फुटलंच नाही. सात महिने आवळून धरलेला बांध ओट्याच्या पायरीवर, भर सकाळी फुटला. ती मटकन खाली बसली, आणि माईंनी पहिल्यांदा तिचं रडणं ऐकलं. किती लहान होता तो आवाज! घरात एवढीशी मुलगी राहत होती आणि त्यांना ते कळलंच नव्हतं.

माई तिच्या शेजारी पायरीवर बसल्या. दुखरा हात वर जाईना. तरी तो त्यांनी ओढून तिच्या पाठीवर नेला. तिकडे भिंतीवर, उघड्या दारातून, लेकाचा फोटो दिसत होता. सरळ होता तो. कधी कुणी सरळ केला होता? आणखी कोण करणार!

 माईंनी पदराने आधी तिचं नाक पुसलं, नंतर आपले डोळे, आणि तोच आपला खरखरीत आवाज त्यांनी लावला. फक्त तो मधे मधे तुटत होता.

"रडून झालं की ऐक. गुन्हेगार आहेस तू माझी. लेकाचं शेवटचं बोलणं सात महिने दडवून ठेवलंस माझ्यापासून. हुक सगळं वजन धरतो आणि त्याच्याखाली रंगाचा कण पोचत नाही. तू तिथं जाऊन बसलीस, आणि मला ब्रशचा एक थेंबसुद्धा लावू दिला नाहीस. तीस वर्षांत एकच चूक झाली गं माझ्या हातून, तीही तूच उचलून नेलीस! ती माझी आहे. परत दे मला. जायचं तर जा, मी अडवणार नाही, तेवढं तोंड राहिलं नाही मला... पण त्या आठ खाटा उघड्या पडल्यात आणि मला एकटीला जमायचं नाही. वायर तू बांध पायाला. लोखंड तापलं की मला सांग... तिथून मोजते मी."